गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा

पेडणे महाल आणि बारदेश यांच्यामधून शापोरा नदी वाहते. नदीचे पात्र फार रुंद नाही. परंतु संगीताच्या दृष्टीने पाहू गेल्यास तिच्या दोन तीरांवर दोन निराळी जगे नांदत आली. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अंमलाखाली आले, म्हणून त्यांस नव्या काबिजादी म्हणत. येथे देवळातील भजन, दशावतारी नाटक, शिगम्याचे ढोल-ताशे आणि मृदंग यांची परंपरा अखंड राहिली. पलीकडे बारदेश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकापासून चर्चच्या आश्रयाने पाश्चात्त्य संगीत रुजले. तेथील मुले चर्चशी संलग्न अशा शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचावयास शिकत, व्हायोलिन हाती धरीत आणि सामूहिक गायनात आपापला स्वर सांभाळीत. एकाच मातीतील ही दोन मुले एकमेकांस ओळखत नव्हती, असे मात्र नव्हे. घुमट हे वाद्य दोहोंकडे होते. अलीकडे ते चतुर्थीच्या आरतीला वाजे, पलीकडे मांडोला. तरीही मृदंग आणि व्हायोलिन एका बैठकीत क्वचितच बसले.

ज्याच्या वाद्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले, अशा एका गोमंतकीय कलावंताचे चरित्र आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. त्यांचे नाव अमान्सियो डिसिल्वा. ते जॅझ संगीताचे गिटारवादक होते आणि रचनाकारही होते. त्यांचा जन्म १९३६ साली मुंबईत गोमंतकीय कुटुंबात झाला आणि १९९६ साली लंडन येथे त्यांचा अंत झाला. गोव्याचा उल्लेख होताच आपल्या ओठांवर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर ही नावे येतात आणि ती यावीतच. डिसिल्वा यांचे नाव मात्र आपल्या घरांतून फारसे ऐकू येत नाही. परदेशातील जॅझप्रेमी ज्याची एक-एक ध्वनिमुद्रिका जिवापाड जपून ठेवतात, तो मनुष्य आपला होता हे आपणांस पुष्कळ उशिरा कळले.

त्यांचा जन्म मुंबईत का व्हावा, हे समजण्यासाठी त्या काळच्या गोमंतकीय संगीतकारांची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. गोव्यात उद्योगधंदे नव्हते. चर्चच्या शाळेत शिकलेल्या मुलाजवळ स्वरलिपी वाचण्याची विद्या असे; परंतु त्या विद्येवर गावात पोट भरणे कठीण होते. मुंबईत मात्र त्या विद्येला मोल होते. तेथे धोबी तलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या गोवेकरांनी आपल्या गावाच्या नावाने कूड चालविले होते. गावाहून आलेला तरुण तेथे आपली पेटी ठेवी, अंथरूण पसरी आणि व्हायोलिनची अथवा ट्रंपेटची पेटी काखेत मारून काम शोधावयास निघे. लष्करी व पोलिसी बँड, मूकपटांच्या पडद्यापुढील वाद्यवृंद, मोठमोठी हॉटेले, लग्नसमारंभ हे त्याचे पोट भरण्याचे मार्ग. १९३० नंतरच्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचे जॅझ वाजू लागले आणि गोवेकर वादकांनी ते पाहता पाहता आत्मसात केले. हळदोण्याचे आंतोनियो वाझ हे चिक चॉकलेट या नावाने ट्रंपेट वाजवून मुंबईत कीर्तिमान झाले. १९४९-५० च्या सुमारास मुंबई राज्यात दारूबंदी आली तेव्हा नृत्यगृहांचा बहर ओसरला, आणि यांतील अनेक वादक चित्रपटसृष्टीकडे वळले. १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटाच्या सी. रामचंद्र यांच्या संगीतात चिक चॉकलेट यांचा हात होता, हे आजही जुन्या श्रोत्यांस आठवते. संगीत दिग्दर्शकाने चाल गुणगुणावी आणि गोवेकर संयोजकाने ती रातोरात पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवावी, अशी ती व्यवस्था होती. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे बहुधा नसत. हिंदी चित्रगीतांच्या वैभवात या अनामिकांचा वाटा किती मोठा आहे, याचे माप अद्याप कोणी नीट घेतलेले नाही.

या दोन सृष्टी एकत्र आणण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्नही मुंबईतील गोवेकरांनीच केला. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मोठा वाद्यवृंद उभारून भारतीय रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य पद्धतीने सादर केल्या. त्या वर्षी अमान्सियो डिसिल्वा बावीस वर्षांचे होते. ज्या मुंबईत ते वाढले ती अशी होती. एका गल्लीत चर्चमधील ऑर्गन, दुसरीत भजनी मंडळाचे टाळ आणि कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात रेडिओवरील चित्रगीते. अशा शहरातील मुलाच्या कानाला देशी कोणते आणि विदेशी कोणते, हे कोणी सांगितल्याखेरीज कळत नसावे.

त्यांनी निवडलेले वाद्य गिटार. आता गिटार पाहिली नाही असा विद्यार्थी सापडणार नाही. परंतु जॅझमध्ये या वाद्याला मानाचे पान मिळण्यास बराच काळ लागला. जॅझचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरी, मुख्यत्वे कृष्णवर्णीय समाजात झाला. ट्रंपेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन यांच्या गर्जनेपुढे गिटारचा नाजूक आवाज ऐकू जात नसे, त्यामुळे तिने मागे राहून ताल धरावा एवढेच तिचे काम होते. पुढे तारांखाली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे बसवून कंपनांचे विजेच्या लहरींत रूपांतर करण्याची युक्ती निघाली. चार्ली ख्रिश्चन या अमेरिकन वादकाने १९४० च्या सुमारास विजेवरील गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलते केले. तो अवघ्या पंचविसाव्या वर्षी वारला; पण त्याच्यानंतर गिटारला मागे बसविणे कोणास शक्य झाले नाही.

जॅझ ऐकताना आमच्याकडील श्रोता गोंधळतो, त्याचे कारण बहुधा कोणी त्यास किल्ली दिलेली नसते. वास्तविक आपल्या बैठकीत बसणाऱ्यास हे संगीत कळावयास अवघड जाऊ नये. प्रथम सर्व वादक मिळून एक ठरलेली चाल वाजवितात. ही आपली बंदिश समजावी. नंतर एकेक वादक त्या चालीच्या आधाराने आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करतो. ही आपली फिरत. ठरावीक मात्रांचे आवर्तन फिरत राहते, आणि शेवटी सर्व पुन्हा मूळ चालीवर येतात. ब्लूज नावाचा जो जॅझचा मूळ झरा, त्यात बारा मापांचे आवर्तन असते आणि कोमल गांधार व कोमल निषाद यांच्या आसपासचे स्वर जाणूनबुजून लाडाने वाकवून घेतात. साम्य इतके, परंतु एक मोठा भेदही आहे. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज अढळ असतो आणि राग त्याच्या आधाराने फुलतो. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी उमटवून त्यांचे गुच्छ करतात आणि जॅझमध्ये तर हे गुच्छ क्षणाक्षणास बदलतात. गुच्छ बदलला की जणू षड्जच आपल्या जागेवरून हलतो. मग राग कोठे उभा राहणार? या दोन संगीतांचे मीलन करू पाहणाऱ्या प्रत्येकाची नौका याच खडकावर आपटत असे.

भारतातील डिसिल्वा यांची कारकीर्द त्या काळच्या इतर गोवेकर वादकांसारखीच, म्हणजे नाइट क्लबमधील वादकाची होती. अशा ठिकाणी रोज रात्री नृत्यासाठी वाजवावे लागे. श्रोता जेवत असे, बोलत असे, नाचत असे. वादकाकडे पाहणारा विरळा. तरीही पारखी भेटलेच. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा आश्रय त्यांस लाभला. १९६२ च्या निवडणुकीत प्रचंड मताधिक्याने लोकसभेत गेलेल्या त्याच या गायत्रीदेवी. संस्थानांचे विलीनीकरण होऊन गेले होते, दरबारी गवयांचे दिवस मावळले होते. अशा वेळी एका जुन्या राजघराण्याने जॅझ वाजविणाऱ्या ख्रिस्ती तरुणाची कदर करावी, ही गोष्ट मौजेची आहे. जयपूर या नावाची त्यांची एक रचना आहे आणि ती त्यांनी एकाच वर्षाच्या दोन निरनिराळ्या ध्वनिमुद्रिकांत वाजविली.

१९६७ साली त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले. त्यांची पत्नी आयरिश होती. संसारात लहान मुले होती आणि तान्ह्या मुलास असा औषधोपचार हवा होता, की त्यासाठी इंग्लंडला जाणे भाग पडले. कीर्तीच्या शोधात सातासमुद्रांपलीकडे गेलेल्या कलावंतांच्या कथा आपण पुष्कळ वाचतो. हा मनुष्य लेकराच्या प्रकृतीसाठी गेला. वय एकतीस, हाती गिटार, आणि लंडनमध्ये त्यांचे नाव ठाऊक असणारे कोणी नाही.

योग मात्र विलक्षण होता. त्याच सुमारास पश्चिमेस भारतीय संगीताचे वेड लागले होते. जॉर्ज हॅरिसन या बीटल्स मंडळीतील तरुणाने पंडित रविशंकरांचे शिष्यत्व पत्करले होते. १९६७ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील महोत्सवात पंडितजींच्या सतारीने हजारो तरुणांस खिळवून ठेवले, आणि त्याच वर्षी यहुदी मेन्युहिन यांच्याबरोबरची त्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. लंडनमधील रंगमंचांस आणि ध्वनिमुद्रणगृहांस सतार हवी होती. अशा वेळी भारतातून एक वादक येतो आणि त्याच्या पेटीतून निघते ती गिटार! सतार शिकून घेऊन तिच्यावर चार पैसे मिळविणे कदाचित सोपे झाले असते. डिसिल्वा यांनी तसे केले नाही. आपले वाद्य त्यांनी सोडले नाही. त्या वाद्यातूनच भारत बोलू लागेल, अशी वाट त्यांनी धरली.

ही वाट अवघड का, तेही सांगितले पाहिजे. सतारीचे पडदे कमानदार आणि उंच असतात. तार आडवी ओढली की एकाच पडद्यावर चार-पाच स्वरांची मींड निघते. गिटारचे पडदे लाकडात घट्ट रुतलेले, पट्टी सपाट; तेथे तार ओढून दीड-दोन स्वरांपलीकडे जाणे दुरापास्त. शिवाय त्या पडद्यांवरील श्रुती पियानोप्रमाणे समान अंतरांवर बांधलेल्या. म्हणून गिटारवर भारतीय ढंग आणावयाचा तर बोटाचे घसरणे, तारेचे हलके ओढणे, एखादी तार मोकळी सोडून तिचा झंकार तानपुऱ्यासारखा मागे ठेवणे, अशा युक्त्या वापराव्या लागतात. डिसिल्वा यांच्या वादनात या सर्व आहेत. परंतु ते सतारीची नक्कल करीत आहेत असे कोठेही वाटत नाही. त्यांची गिटार जॅझची गिटारच राहते. फक्त तिची बोली कोकणची आहे.

षड्ज हलण्याच्या ज्या अडचणीचा उल्लेख वर आला, तिच्यावरील तोडगाही याच काळात जॅझला सापडला होता. १९५९ साली माइल्स डेव्हिस या थोर ट्रंपेटवादकाने 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेत स्वरगुच्छांची धावपळ कमी करून एकाच स्वरमालेवर दीर्घकाळ रेंगाळण्याची पद्धत रूढ केली. जॉन कोल्ट्रेन हा सॅक्सोफोनवादक तर भारतीय संगीताकडे मुद्दाम वळला आणि १९६१ साली त्याने आपल्या एका रचनेस इंडिया असे नाव दिले. षड्ज स्थिर झाला, तसा राग आणि जॅझ यांच्यामधील दरवाजा किलकिला झाला. अमेरिकन वादक त्या दरवाजातून आत डोकावत होते. डिसिल्वा घराच्या आतून बाहेर येत होते.

लंडनमध्ये त्या वेळी डेनिस प्रेस्टन नावाचा एक जाणता निर्माता होता. हॉलंड पार्क भागातील लॅन्सडाउन ध्वनिमुद्रणगृह तो चालवी. मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस ज्या संगीतास हात लावीत नसत, ते स्वतः ध्वनिमुद्रित करून तो त्यांच्यामार्फत प्रसिद्ध करी. त्याने डिसिल्वा यांस संधी दिली आणि सोबतीला इंग्लंडमधील उत्तमोत्तम वादक दिले. सॅक्सोफोन व बासरीवर डॉन रेंडेल, ट्रंपेटवर इयन कार, बास वाद्यावर डेव्ह ग्रीन आणि ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स. १९६९ साली 'इंटिग्रेशन' या नावाने ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. इंटिग्रेशन म्हणजे एकात्मता. आपल्या देशात त्या दशकात हा शब्द भाषणांतून सतत ऐकू येत असे. येथे तो भाषणावाचून सिद्ध झालेला दिसतो. एक रचना गंगा नदीच्या नावाची, एक जयपूरच्या, आणि एक आयर्लंडच्या पश्चिम भागातील जॉइस कंट्री या प्रदेशाच्या नावाची. या वृंदात पियानो नाही. पियानोने करावयाचे स्वरगुच्छांचे काम आणि पुढे येऊन करावयाचा विस्तार, ही दोन्ही कामे गिटारकडे आहेत. नवख्या देशात दोन वर्षांत मिळालेल्या पहिल्याच संधीत एवढे ओझे उचलणे, हे आत्मविश्वासाचे लक्षण होय.

त्याच वर्षी त्यांची दुसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची ध्वनिमुद्रिका आली. तिचे नाव 'हम दोनो'. देव आनंद यांचा याच नावाचा १९६१ सालचा चित्रपट पालकांच्या स्मरणात असेल. त्याच्याशी हिचा संबंध नाही. येथील दोघे म्हणजे अमान्सियो डिसिल्वा आणि जो हॅरियट.

हॅरियट यांचीही थोडी ओळख हवी. त्यांचा जन्म १९२८ साली वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर झाला. किंग्स्टन शहरातील अल्फा या अनाथ व गरीब मुलांच्या शाळेत ते वाढले. या शाळेत मुलांस बँडचे शिक्षण मिळे आणि तेथून मोठमोठे वादक निघाले. आपल्याकडील चर्चच्या शाळांशी तिचे साम्य सहज ध्यानी येईल. १९५१ साली हॅरियट इंग्लंडला गेले आणि ऑल्टो सॅक्सोफोनवर त्यांनी असे प्रभुत्व मिळविले, की युरोपात त्यांच्या तोडीचा वादक नाही असे जाणकार मानू लागले. ठरलेली चाल आणि ठरलेले स्वरगुच्छ दोन्ही दूर सारून केवळ परस्परांच्या वादनास उत्तर देत जाण्याचा प्रयोग त्यांनी १९६० च्या सुमारास केला. पुढे कलकत्त्यात जन्मलेले व्हायोलिनवादक व रचनाकार जॉन मेयर यांच्यासह त्यांनी इंडो-जॅझ नावाचा उपक्रम चालविला. पाच भारतीय पद्धतीचे वादक आणि पाच जॅझ वादक समोरासमोर बसवून, मेयर यांनी रागांच्या आधारे लिहिलेल्या रचना ते वाजवीत. त्यात तबल्यावर मुंबईहून लंडनला गेलेले केशव साठे होते. या उपक्रमाची पहिली ध्वनिमुद्रिका १९६६ साली प्रसिद्ध झाली आणि तिचा बोलबाला झाला. तथापि ती ऐकताना अनेकदा असे वाटते, की दोन पंगती समोरासमोर बसल्या आहेत आणि आळीपाळीने वाढणे चालले आहे.

'हम दोनो'मध्ये तसे नाही. येथे सतार नाही, तबला नाही, तानपुरा नाही. गिटार, सॅक्सोफोन, ट्रंपेट, बास, ड्रम आणि एक मानवी आवाज एवढाच संच आहे. तो आवाज नॉर्मा विन्स्टन या गायिकेचा. त्या शब्द गात नाहीत. केवळ आकारात वाद्यांच्या बरोबरीने फिरतात. आपल्या श्रोत्यास हे अनोळखी वाटावयाचे कारण नाही. इतक्या अभारतीय सामग्रीतून जो भारत ऐकू येतो, तो केवळ डिसिल्वा यांच्या रचनेतून आणि बोटांतून येतो. हॅरियट यांचे वादन प्रखर, घायाळ पक्ष्याच्या हाकेसारखे. डिसिल्वा यांचे वादन मऊ, गोलाकार, उतावीळ न होणारे. एक जमैकेचा, एक गोव्याचा. दोघेही ज्या साम्राज्याच्या राजधानीत बसून वाजवीत होते, तेथे दोघेही परकेच. या जुगलबंदीत कोणी कोणावर मात करीत नाही, हे तिचे वैशिष्ट्य मला सर्वांत अधिक वाटते.

या ध्वनिमुद्रिकेत 'बॅलड फॉर गोवा' नावाची एक संथ रचना आहे. गोवा मुक्त होऊन तेव्हा आठ वर्षेही झाली नव्हती. रचनाकाराचा जन्म मुंबईचा, मुक्काम लंडनचा. तरी नाव द्यावयाची वेळ आली तेव्हा पूर्वजांची भूमी आठवली. परदेशी गेलेल्या गोवेकरांच्या घरी आजही मांडोची एखादी ओळ गुणगुणली जाते, त्याच जातीची ही आठवण.

यानंतर सर्व सुरळीत चालले असते, तर हे चरित्र सुखान्त झाले असते. परंतु काळ पालटत होता. इंग्लंडमधील तरुण रॉक संगीतामागे धावू लागले, जॅझच्या ध्वनिमुद्रिका थोड्या छापल्या जात आणि त्याहून थोड्या खपत. 'हम दोनो' लवकरच बाजारातून दिसेनाशी झाली. जो हॅरियट आजारी आणि विपन्न अवस्थेत १९७३ च्या जानेवारीत वारले. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीस होते. 'हम दोनो' ही त्यांची अखेरची महत्त्वाची ध्वनिमुद्रिका ठरली. डिसिल्वा यांची 'रिफ्लेक्शन्स' ही हळुवार गिटारवादनाची ध्वनिमुद्रिका १९७१ साली आली. ती कानास गोड आहे, पण पहिल्या दोघींची धार तिच्यात नाही. १९७२ साली 'कॉस्मिक आय' या नावाने जमविलेल्या वृंदाची 'ड्रीम सीक्वेन्स' प्रसिद्ध झाली. तिच्यात मात्र भारतीय वाद्ये त्यांनी मोकळेपणाने घेतली.

याच वर्षांच्या आसपास त्यांनी आणखी एक ध्वनिमुद्रण केले आणि त्यास नाव दिले 'कोकण डान्स', म्हणजे कोकणचे नृत्य. केशव साठे यांचा तबला, क्लेम अलफर्ड यांची सतार, डॉन रेंडेल यांची बासरी व सॅक्सोफोन आणि मध्ये डिसिल्वा यांची गिटार. मुंबईतील एका रस्त्याच्या नावाचीही रचना तिच्यात आहे. तबल्याच्या ठेक्यावर गिटार जेव्हा लहानलहान आवर्तनांत फिरू लागते, तेव्हा शिगम्याच्या मांडावर बालपण गेलेल्या श्रोत्याची मान आपोआप डोलते. ध्वनिमुद्रण पुरे झाले; पण ते प्रसिद्ध झाले नाही. ज्या रचनेस त्यांनी आपल्या किनाऱ्याचे नाव दिले, तीच त्यांच्या हयातीत लोकांच्या कानांवर गेली नाही. चित्रकाराचे चित्र निदान भिंतीवर टांगून कोणास दाखविता येते. वादकाची फीत कपाटात पडली म्हणजे ती मुकीच.

१९७५-७६ च्या सुमारास जॉन मॅकलॉग्लिन हे इंग्रज गिटारवादक व्हायोलिनवादक एल. शंकर आणि तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासह 'शक्ती' नावाचा वृंद घेऊन पुढे आले आणि गिटार-तबल्याची जोडी जगभर गाजली. मॅकलॉग्लिन यांचे श्रेय मोठे आहे आणि ते कोणी हिरावून घेऊ नये. परंतु लंडनमधील एक गोवेकर याच मार्गाने त्यांच्या आधी चालून गेला होता, हे त्या वेळी फार थोड्यांस माहीत होते.

उत्तरायुष्यात डिसिल्वा यांनी लंडनमध्ये संगीत शिकविण्याचे काम केले. १९८३ साली त्यांची 'सपना' ही ध्वनिमुद्रिका निघाली; तीही मोठ्या बाजारात गेली नाही. मोठी व्यासपीठे त्यांस पुन्हा लाभली नाहीत. पण गिटार खाली ठेवली गेली नाही. १९९६ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत पालट झाला. इंग्लंडमधील नव्या पिढीच्या संग्राहकांस १९६० च्या दशकातील ब्रिटिश जॅझचे महत्त्व उमगले. जुन्या बाजारांतून 'हम दोनो'च्या मूळ प्रती शोधल्या जाऊ लागल्या आणि एका प्रतीस शेकडो पौंड मोजणारे निघाले. ज्या काळी वादकास घरभाड्याची विवंचना असते, त्या काळी त्याची ध्वनिमुद्रिका पडून राहते, आणि तो गेल्यावर तिची किंमत चढते. या व्यवहारात वादकाच्या हाती काही पडत नाही. 'कोकण डान्स'ची फीत २००६ साली, म्हणजे डिसिल्वा यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, कपाटातून बाहेर येऊन प्रथमच प्रसिद्ध झाली. 'हम दोनो'ची नवी आवृत्ती २०१५ साली निघाली. 'बॅलड फॉर गोवा' आता पेडण्यात अथवा डिचोलीत घरबसल्या ऐकता येते. ऐकणाऱ्याने प्रथम गिटारकडे कान न लावता खालच्या संथ चालणाऱ्या बास वाद्याकडे लावावा. त्याचा स्वर मनात स्थिर झाला, म्हणजे वरची गिटार कोणत्या गावची आहे ते ओळखू येते.